धक्क्याची गरज नाही

मी झालिप्ये गावच्या आगीच्या बंबघराच्या भिंतीवरून बोलतोय. खाली लाल जिरेनियमच्या कुंड्या आहेत, समोर लिंडेनचं जुनं झाड आणि त्याच्या पलीकडे चर्चचा घंटामनोरा. भिंतीवर काचेच्या दाराची हिरवी पेटी दिसते ना, तिच्यात मी राहतो. पेटीवर एक पांढरं हृदय काढलंय आणि त्यातून वीज चाललीय. कुणाचं हृदय एकाएकी बंद पडलं तर मला त्याच्या छातीला लावायचं, आणि उपयोग होणार असेल तर मी विजेचा धक्का द्यायचा. बाकी मला काही येत नाही.

मी शिकलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात माझ्या पोटात मोजकी वाक्यं भरली, तेवढीच मी बोलतो. त्यातही आवाज एका बाईचा आहे. राजधानीकडची असावी, फार स्वच्छ बोलते. मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गायीवाल्या बोगोमिरने टोपी काढली होती. "शांत राहा," असं मी म्हणालो, आणि तो म्हणाला, "शांतच आहे, बाईसाहेब."

मला गावात आणलं तोंच्काने. मागे एका हिवाळ्यात शेजारच्या गावचा पोस्टमन सायकलवरून पडला आणि पुन्हा उठला नाही. तेव्हापासून तिने सगळ्यांच्या मागे लागून, चर्चबाहेर केक विकून, बंबवाल्यांना बोलून बोलून हैराण करून मला आणवलं. मी आलो आणि तिने माझं माप घेतलं. मला वाटलं, पेटीसाठी घेतेय. पुढच्या रविवारी ती माझ्यासाठी लेसचं आवरण विणून घेऊन आली. पांढरं, नक्षीचं, वर निळी रिबीन आणि तिची घट्ट गाठ.

"तोंच्का, हे यंत्र आहे, बाळ नाही," सिरिल म्हणाला. सिरिल बंबवाल्यांचा कप्तान.

"उघडं ठेवतात का कुणाला भिंतीवर?" तोंच्का म्हणाली. विषय संपला.

दर शनिवारी ती यायची, काच पुसायची, कुंड्यांना पाणी घालायची आणि माझ्याशी बोलायची. बहुतेक नवऱ्याबद्दल. तिचा नवरा लुडविक, आमच्या मनोऱ्यातल्या घंटावाल्यांचा म्होरक्या. आमच्याकडे सणावाराला घंटा नुसत्या दोरीने ओढून हलवत नाहीत. माणसं वर चढतात, प्रत्येक जण आपापल्या घंटेचा लोलक हातात धरतो, आणि एकापाठोपाठ एक असे टोले देत ठेका बांधतात. आमच्या तीन घंटा. मोठी लुडविककडे, मधली सिरिलकडे, धाकटी बोगोमिरकडे. ठेका चुकू नये म्हणून ते मनाशी काहीतरी शब्द म्हणत राहतात. एक दमला की दुसरा लोलकावर हात ठेवतो, पहिला काढून घेतो, आणि खाली उभ्या माणसाला बदल झालेला कळतसुद्धा नाही. लुडविकला याचा एवढा अभिमान की बायकोच्या वाढदिवशीही तो मनोऱ्यातच असायचा.

आणि तोंच्काचं डोकं उठायचं. प्रत्येक सणाला. लग्न झाल्यापासून.

"लुडविक, तुझ्या घंटांनी माझं डोकं उठलंय."

"घंटा देवासाठी वाजवतो. तुझं डोकं मध्ये आलं तर मी काय करू?"

हे बोलणं गावाला इतकं पाठ झालं होतं की सणाच्या दिवशी कुणी तोंच्काला 'कशी आहेस' असं विचारतच नसे. उत्तर माहीत असायचं.

माझी पेटी थंडीत आतून ऊबदार असते. मी गारठू नये म्हणून तशी सोय केलीय. हे बोगोमिरच्या लक्षात आलं आणि तो आपले ओले हातमोजे माझ्या शेजारी वाळत घालायला लागला. आता पेटीचं दार उघडलं की भोंगा वाजतो, गाव जागं व्हावं म्हणून. पहिल्या खेपेला अर्धं गाव धावत आलं. दुसऱ्या खेपेला तिघं आले. त्यानंतर भोंगा वाजला की घराघरातून खिडकीही न उघडता आवाज यायचा, "बोगोमिर, हातमोजे काढ तिथून." मला वाईट वाटायचं. पण हातमोज्यांची सोबत होती, हेही खरं.

एकदा दरीतल्या दवाखान्यातून एक नर्स शिकवायला आली. तिने रबराची एक बाई आणली होती, कमरेपर्यंतचीच. बंबघरात टेबलं बाजूला सारून तिला जमिनीवर ठेवलं. लुडविक दारात उभा होता. "हिला पाय नाहीत, हात नाहीत," तो म्हणाला, "हिचं हृदय बंद पडलं हे कळायला यंत्र कशाला पाहिजे?"

नर्स चांगली होती. तिने त्यालाच पुढे ओढलं. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि थांबायचं नाही. दाबण्यासाठी ठेका मी देतो, टिक, टिक, टिक. लुडविकने कान देऊन ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ठेका बरोबर आहे," तो म्हणाला. "पण जीव नाही त्यात. कोंबडी दाणे टिपते तसा आहे."

बोगोमिरने लगेच म्हणून पाहिलं, "कोंबडी टिपते, कोंबडी टिपते." अगदी नेमकं बसलं. सगळे हसले, नर्सही हसली. रबराच्या बाईला तिघांनी आळीपाळीने दाबलं. नर्स म्हणाली, इतक्या सफाईने बदली करणारी माणसं तिने पाहिली नव्हती. लुडविक घरी गेला आणि म्हणे महिनाभर तेच सांगत होता.

माझ्यावर आता धूळ बसणार आणि हातमोजे वाळणार, असं मला वाटलं होतं. मग संत रोकचा सण आला.

ऑगस्टची सकाळ होती. लिंडेनखाली टेबलं मांडली होती. रोझालिया, बेकरीवाली, अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सणाचा गुंडाळीचा गोड पाव, कापून ताटात लावत होती आणि मधमाश्यांना हाकलत होती. तोंच्का सणाचे कपडे घालून माझी काच पुसायला आली. पाद्रीबाबा गावात नवा पाहुणा आणणार होते, त्याला पेटी स्वच्छ दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. पुसता पुसता ती मध्येच थांबली. फडका काचेवर तसाच राहिला.

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली. मग मलाच म्हणाली, "डोक्यात कुऱ्हाड घातल्यासारखं झालं रे एकदम."

ती कुंडीच्या कठड्यावर बसली. तेवढ्यात ते तिघं जाकिटं घालून मनोऱ्याकडे निघाले होते. लुडविक पुढे.

"लुडविक, माझं डोकं," ती म्हणाली. "असं कधी दुखलं नव्हतं."

लुडविक थांबलाही नाही. "अजून लोलकाला हात लावला नाही आणि तुझं सुरू?"

सिरिल हसला. बोगोमिर हसला. रोझालियाही हसली. मला हसता येत नाही, नाहीतर कदाचित मीही हसलो असतो.

तोंच्का उठली, वळली, कुंडीत ओकली आणि माझ्याखालीच आडवी पडली.

सिरिल तीन ढांगांत तिच्याजवळ पोचला. त्याने हाक मारली, खांदे हलवले, नाकाशी कान नेला. "श्वास नाही. हृदय बंद पडलं. रोझालिया, फोन लाव. बोगोमिर, यंत्र." आणि तो दाबायला लागला.

बोगोमिरने माझं दार उघडलं, भोंगा वाजला, आणि घराघरातून आवाज आला, "बोगोमिर, हातमोजे ऑगस्टमध्ये?"

त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. त्याने मला उचललं आणि गाठ सोडायला लागला. तोंच्काने मारलेली गाठ. तिच्या हातची गाठ अशी की लोणच्याच्या बरणीचं फडकं गाव तिच्याकडून बांधून घेतं. बोगोमिरची बोटं जाड, रिबीन बारीक. "सुटत नाही," तो म्हणाला आणि रडायच्या बेताला आला. लुडविक नुसता उभा होता. मग एकदम त्याने खिशातून चाकू काढला, लेस उभी फाडली आणि मला बाहेर काढलं.

आता तिचा ब्लाऊज कापायचा होता. लुडविक म्हणाला, "तो सणाचा आहे, ती चिडेल."

"चिडू दे," सिरिल दाबता दाबता म्हणाला. "चिडली तर मी तिचे पाय धरीन. काप."

बायकांनी पोतित्सा बाजूला केली, टेबलक्लॉथ ओढून काढला आणि भोवती आडोसा धरला. माझ्या दोन चिकटपट्ट्या तिच्या छातीला लागल्या. माझा दिवस उजाडला होता. ज्यासाठी मला घडवलं तो हा दिवस. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मी म्हणालो, "तपासणी सुरू आहे. रुग्णाला हात लावू नका."

सगळ्यांनी हात वर केले, आडोसा धरणाऱ्या बायकांनीसुद्धा. आडोसा खाली पडला, त्यांनी तो पुन्हा उचलला.

मी ऐकलं. मला तेवढं ऐकता येतं. काही हृदयं बंद पडताना आतल्या आत थरथरतात, भेदरल्यासारखी. त्यांना माझा धक्का शांत करतो आणि मग ती ठेक्यावर येतात. तोंच्काचं हृदय थरथरत नव्हतं. ते गप्प होतं. गप्प हृदयाला माझी वीज उपयोगाची नाही. त्याला माणसाचे हात लागतात. दाबत राहणारे हात.

मी म्हणालो, "धक्क्याची गरज नाही. छाती दाबणं सुरू ठेवा."

मग रोझालिया म्हणाली, "गरज नाही? निळी पडलीय ती. आणखी किती गरज पाहिजे याला?"

"दे म्हणतो ना," लुडविक म्हणाला आणि त्याने मला एक चापट मारली. मग दुसरी. त्यांच्या घरचा जुना रेडिओ असा चालू होतो, म्हणून. "इतकी वर्षं काच पुसली तिने तुझी."

मला ठाऊक होतं. तिने सांगितलं होतं मलाच. कुऱ्हाड डोक्यात पडली होती, हृदयात नाही. डोक्यात काहीतरी फुटलं आणि हृदय त्या धसक्याने थांबलं. पण हे सांगायला माझ्या पोटात वाक्य नाही. माझ्या पेटीवर हृदय काढलेलं, म्हणून सगळ्यांना हृदयच आठवत होतं. मी आपलं टिक, टिक, टिक सुरू केलं.

"लुडविक," सिरिल म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "ते म्हणतंय दाबा. मी दमलो. तू ये."

"माझी बायको आहे ती."

"म्हणूनच म्हणतो. कोंबडीचा ठेका धर."

लुडविक गुडघ्यांवर बसला. सिरिलच्या हातांशेजारी हात आणले, आणि सिरिलने काढून घेतले. एकही टिक चुकली नाही. लुडविक दाबायला लागला. थोड्याच वेळात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याचे हात जागच्या जागी थिजले.

"बरगडी मोडली. मी मोडली."

"बरगडी जुळते," सिरिल म्हणाला. "दाब."

"कोंबडी टिपते," बोगोमिर हळूच म्हणायला लागला. "कोंबडी टिपते, कोंबडी टिपते." मग सिरिल म्हणायला लागला. मग आडोसा धरणाऱ्या बायका. लुडविकचेही ओठ हलत होते. पाद्रीबाबा पवित्र तेल घेऊन, सोनेरी झग्यात, धावत आले आणि बघतात तर सगळं गाव लिंडेनखाली उभं राहून कोंबडीचं गाणं म्हणतंय. ते भले माणूस. त्यांनी तोंच्काच्या कपाळाला तेल लावलं आणि तेही म्हणायला लागले.

मी मधूनमधून तपासत होतो. प्रत्येक वेळी तेच म्हणत होतो. प्रत्येक वेळी रोझालिया माझ्याकडे असं बघत होती, जणू मी बेकरीतून पैसे न देता पळालेला माणूस आहे.

रुग्णवाहिका दरीतून वर आली तेव्हा तिघांचीही जाकिटं भिजली होती. डॉक्टर नेझा उतरली. तरुण, केस मागे बांधलेले, बूट चिखलाचे. तिने घशात नळी घातली, शिरेत औषध दिलं, आणि दाबायला लावलं. आणखी दाबायला लावलं. मग तिने तोंच्काच्या मानेवर बोटं ठेवली आणि हात वर केला.

"थांबा. लागतेय नाडी."

बोगोमिर खाली बसला तो थेट पोतित्साच्या ताटावर.

नेझाने आपल्या यंत्रातून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढून पाहिली. "हृदयाचा झटकाच दिसतोय पट्टीवर. थेट हृदयाच्या वॉर्डात नेते. रक्त पातळ करायचं औषध आत्ताच देते." तिच्या मदतनिसाने सुई हातात घेतली. मग तिने विचारलं, रोज विचारत असेल तसं, "पडण्याआधी छातीत दुखतं म्हणाली होती का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "सांगितलं नाही बुवा तसं," सिरिल म्हणाला.

"मग काय म्हणाली?"

"काही नाही," रोझालिया म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणाली. ते तिचं नेहमीचंच आहे. सणाला घंटा वाजल्या की डोकं उठतं तिचं."

नेझाने मान हलवली आणि सुईकडे वळली.

सांग, मी मनात म्हणत होतो. सांग, लुडविक. तूच बोललास ना, तुझ्याच तोंडाने. माझ्या पोटातून आवाज आला तो एवढाच, "रुग्णाजवळ थांबा."

लुडविक तिच्या पायांशी बसला होता. तिचा एक बूट निसटला होता, तो पुन्हा घालत होता. त्याने डोकं वर केलं.

"घंटा वाजल्या नव्हत्या," तो म्हणाला.

"काय?"

"आज आम्ही वाजवल्याच नाहीत. वर जात होतो. तिचं डोकं आधी दुखलं." "असं कधी दुखलं नव्हतं म्हणाली. मी थट्टा केली. मग ती ओकली आणि पडली. घंटांनी नाही दुखलं, डॉक्टरबाई. दुसरं काहीतरी आहे."

नेझाने मदतनिसाचा हात धरला. "ठेव ती सुई." मग तोंच्काची पापणी वर करून उजेड टाकला, आणि फोन काढला. "हृदयाकडे नाही. राजधानीला, आणि आधी डोक्याचा फोटो. हेलिकॉप्टर पाठवा."

हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानात उतरलं. बोगोमिरच्या गायी कुंपण मोडून गेल्या त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या.

तोंच्काच्या मेंदूतली शीर फुटली होती. ते औषध दिलं असतं तर रक्त थांबलंच नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी लुडविकला सांगितलं. आणि हेही सांगितलं की अशा पेशंटपैकी फार थोडे परत येतात. लुडविक म्हणाला, "ती परत येईल. तिची लेस फाडलीय मी, ती हिशोब मागायला येईल."

इकडे गावात माझी चौकशी भरली. खानावळीत, दारूच्या टेबलावर. मला मध्ये ठेवलं होतं. रोझालियाचं म्हणणं सरळ होतं. "पाळलं, पोसलं, लेस घातली. ऐन वेळी म्हणतो गरज नाही. परत करा याला आणि धक्का देणारा आणा."

बराच वाद झाला. कुणी म्हणालं माझी बॅटरी संपली होती. कुणी म्हणालं बोगोमिरच्या हातमोज्यांनी ओल धरली. बोगोमिर म्हणाला, हातमोजे कोरडे असायचे, ओले असले तर शपथ.

शेवटी लुडविक उठला. इस्पितळातून नुकताच आला होता, दाढी वाढलेली. "त्याने धक्का दिला असता तर आपण काय केलं असतं?" तो म्हणाला. "हात झटकून बघत उभे राहिलो असतो, यंत्र करतंय म्हणून. ते नाही म्हणालं म्हणून आपण दाबत राहिलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि चापट मारली त्याबद्दल, म्हणजे, ते रेडिओला लागू पडतं म्हणून मारली."

मला पुन्हा भिंतीवर टांगलं. उघडंच.

हिवाळा तसाच गेला. बोगोमिरने हातमोजे आणले नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

बर्फ वितळल्यावर तोंच्का आली. काठी टेकत, लुडविकच्या दंडाला धरून. उजवा हात अजून ऐकत नव्हता, आणि वस्तूंची नावं तिच्या जिभेवरून निसटत होती. लुडविककडे बोट दाखवून ती म्हणायची, "हा... तो... घंटा." पेटीपाशी थांबली. मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उघडा," ती म्हणाली.

तेवढाच शब्द तिला सापडला, आणि तो बरोबर होता.

उन्हाळाभर ती डाव्या हाताने विणत होती. आवरण झालं ते एका बाजूने लांब, एका बाजूने आखूड, नक्षीत भोकं कुठेही. रोझालियाने पाहिलं आणि म्हणाली फार सुरेख आहे. तोंच्का म्हणाली, "खोटं नको बोलू." आता रिबीन नाही, गाठ नाही. एक मोठं बटण आहे. ती स्वतः बोगोमिरला पेटीसमोर उभं करून ते उघडायला लावते, पुन्हा पुन्हा, त्याची जाड बोटं पटकन जमेपर्यंत. भोंगा वाजतो. आता मात्र दर वेळी सगळं गाव धावत येतं, आणि तोंच्का त्यांना सांगते, "जा घरी. सराव."

या वर्षीचा संत रोकचा सण परवाच झाला. घंटा वाजत होत्या. तोंच्का माझी काच डाव्या हाताने पुसत होती. टेबल उन्हात होतं, पोतित्सावर मधमाश्या बसत होत्या. तिने मनोऱ्याकडे पाहिलं, मग सावकाश हात उचलून कपाळाला लावला.

मोठी घंटा मध्येच थांबली. मग मधली. मग धाकटी. जिन्यावरून बुटांचा धडधडाट झाला आणि तिघं धावत आले. लुडविक सर्वात पुढे, धापा टाकत.

"डोकं? डोकं का, तोंच्का? कसं दुखतंय? कधीपासून?"

तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. शब्द शोधला. सापडला.

"ऊन," ती म्हणाली. "टेबल सावलीत घ्या."

लुडविकने सिरिलला खूण केली आणि दोघांनी टेबल उचललं. डोकं दुखत नसतं, तिला काहीतरी करून हवं असतं, हे गावाला कळलंय, लुडविकलाही कळलंय. तरी ती हात वर नेते आणि तो प्रत्येक वेळी पळत येतो. हसत नाही, रागावत नाही. आधी विचारतो, कसं दुखतंय.

माझं एवढंच. तुमच्याही गावात भिंतीवर माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला कुलूप लावू नका, त्याच्यावर गाठ मारू नका. आणि तो गरज नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्या हातांना बोलावत असतो. दाबत राहा. मी भिंतीवर आहे, एका बाजूने आखूड लेस घालून. माझी आठवण तुम्हाला कधी न येवो.